चुकीचा माग : यंत्राच्या प्रश्नभाषेतील दोषशोधनाची कथा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पाचवीपासून आठवीपर्यंत अंकगणित शिकविले. माझे उत्तर चुकणे ही त्या वर्गातील नित्याची गोष्ट होती. गुरुजी 'चूक' असे म्हणत नसत. वहीवर बोट ठेवून एवढेच विचारीत, "कोठवर बरोबर आहे?" मग वरून एकेक ओळ खाली यावयाची, आणि ज्या ओळीपाशी माझा आवाज बारीक होई तेथे त्यांचे बोट थांबे. उत्तर बरोबर आले तरी सुटका नसे. खाली ताळा मांडल्याखेरीज ते उत्तर धरीत नसत. त्या बोटाची आठवण मला इतक्या वर्षांनी संगणकापुढे बसल्यावर झाली, आणि आजचा विषय त्यातूनच निघाला.

जन्मभर संतवाङ्मय आणि भाषेचा इतिहास शिकविणाऱ्या माणसाने संगणकावर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. निमंत्रणपत्रिका हाती पडताच माझ्या एका सहाध्यायाने दूरध्वनीवर विचारले, "विषय छापताना छापखान्याने घोळ तर घातला नाही ना?" घोळ नव्हता. मी संगणकतज्ज्ञ नाही व होणारही नाही. परंतु चूक कोठे शिरली, कशी शिरली आणि ती इतके दिवस कोणाच्या नजरेस का आली नाही, हे शोधणे हा आम्हां हस्तलिखितवाल्यांचा जुना धंदा आहे. त्याच धंद्याचे एक अगदी नवे दुकान कोणी, केव्हा मांडले, याची हकीकत मी आज सांगणार आहे.

निमित्त घरचेच आहे. तीन वर्षांपूर्वी शाळेने जुनी दप्तरे संगणकावर उतरविण्याचे ठरविले. त्यांत दोन वह्या मुख्य. एक जनरल रजिस्टर, ज्यात शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचा व मुलीचा क्रमांक, नाव आणि जन्मतारीख. आणि दुसरी, दिलेल्या दाखल्यांची नोंदवही. जुनी अक्षरे लावून देण्याचे काम माझ्याकडे आले. यंत्राचे काम माझ्याच एका विद्यार्थ्याने विनामूल्य केले. मराठीच्या तासाला तो मागच्या बाकावर बसून गणिते सोडवी, हे मी आता त्याला क्षमा केले आहे. समितीची इच्छा अशी की, ज्यांनी शाळा सोडली पण दाखला कधी नेलाच नाही, अशांची नावे काढावी आणि जे हयात असतील त्यांना समारंभपूर्वक दाखला द्यावा. विद्यार्थ्याने यंत्राला तसा प्रश्न घातला : रजिस्टरातील असे क्रमांक दे, जे दाखल्यांच्या वहीत नाहीत. उत्तर क्षणात आले. एकही नाही.

समितीत आनंद झाला. जुन्या कारकुनांच्या चोख कामाबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडावा, असे एका सभासदांनी सुचविले. मी गप्प होतो. कारण असे एक नाव मला ठाऊक होते. माझी थोरली बहीण, आमची अक्का, १९५७ साली सातवीतून घरी बसली. आई अंथरुणाला खिळलेली, आम्ही धाकटी भावंडे लहान. वडील दाखला आणावयास गेलेच नाहीत. जिला पुढे शिकावयाचे नाही तिला दाखला कशाला, असा त्या काळचा हिशेब. पुढे अक्काने दोन-चार वेळा मला विचारले होते, "माझा दाखला असेल का रे अजून शाळेत?" आणि मी दर वेळी "बघतो" म्हणून विसरलो होतो.

मी म्हणालो, "हे उत्तर चुकीचे आहे." विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, "सर, यंत्राने चूक दाखविलेली नाही."

चूक नसणे आणि चूक न दाखविणे या दोहोंत जे अंतर आहे, त्या अंतरातच हा सारा इतिहास घडला आहे.

संगणकाच्या चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात आणि ती काढण्याला 'डीबग' करणे. याची लोकप्रिय कथा अशी सांगतात की, ग्रेस हॉपर या विदुषीला यंत्रात खरोखरीचा किडा सापडला व तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. कथा गोड आहे, परंतु पाठ शुद्ध नाही. घटना हार्वर्ड विद्यापीठातील मार्क दोन या यंत्रावरची, तारीख ९ सप्टेंबर १९४७. पुष्कळ ठिकाणी साल १९४५ छापतात. तेव्हा ते यंत्र पुरे झालेलेही नव्हते. 'एफ' फळीवरील सत्तराव्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला निघाला. तो रोजनिशीच्या पानावर चिकटपट्टीने चिकटविला, आणि किडा प्रत्यक्ष सापडल्याचे हे पहिले उदाहरण, अशा आशयाची ओळ शेजारी लिहिली. ते पान पतंगासह अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हॉपरबाईंनी ही गोष्ट जगभर सांगितली, पण तो पतंग आपल्याला सापडला असा त्यांचा दावा नव्हता. आता त्या ओळीतील 'प्रत्यक्ष' हा शब्द पाहा. शब्द आधीपासून रुळलेला असल्याखेरीज 'प्रत्यक्ष' म्हणण्यात विनोद कसला? एडिसनने १८७८ मधील एका पत्रात यंत्रातील बारीकसारीक खोडींना हाच शब्द वापरला आहे. म्हणजे पतंगाने शब्द जन्माला घातला नाही; शब्द पतंगाची वाट पाहत होता. चूक शोधण्याच्या विद्येची जन्मकथाच चुकीची सांगितली जावी, याची मला मौज वाटते.

यंत्रातील खोड वेगळी आणि यंत्राला दिलेल्या आज्ञेतील चूक वेगळी. ही दुसरी गोष्ट किती मोठी ठरणार आहे, हे प्रथम कोणाच्या ध्यानी आले? इंग्लंडात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिले गणन केले. थोड्याच दिवसांत विल्क्स एका विकलक समीकरणासाठी स्वतःची आज्ञावली लिहू लागले. यंत्राची खोली आणि फितीला भोके पाडण्याची जागा यांच्यामध्ये जिना होता. त्या जिन्यावर येजा करताना, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार आहे, ही जाणीव आपल्याला पुरत्या जोराने झाली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्यांची ती फीत पुढे सापडली आणि मार्टिन कॅम्पबेल-केली या इतिहासकाराने तिचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. ओळी १२६, आणि चुका सुमारे वीस! एका जुन्या पोथीवर करावे तसे काम त्याने त्या भोकांच्या फितीवर केले आहे.

विल्क्स यांचे तरुण सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये एडसॅकवरील आज्ञावल्यांतील चुकांच्या निदानावर एक निबंध प्रसिद्ध केला. माझ्या मते या विद्येचा तो आद्य ग्रंथ. त्या वेळी यंत्रापुढे बसून एकेक आज्ञा चालवीत पडद्यावरील ठिपके न्याहाळण्याची रीत होती. तिला 'डोकावणे' म्हणत, आणि ती वर्ज्य मानली जाई, कारण एकुलत्या एका यंत्राचा वेळ त्यात फुकट जाई. गिल यांनी दोन मार्ग सांगितले. पहिला शवविच्छेदनाचा : आज्ञावली बंद पडल्यावर यंत्राच्या स्मृतीत काय उरले ते छापून घ्यावयाचे व घरी नेऊन वाचावयाचे. दुसरा अधिक चतुर : एक देखरेख करणारी आज्ञावली मूळ आज्ञावलीच्या पाठीशी उभी करावयाची आणि तिच्याकडून प्रत्येक पावलाची खूण छापवून घ्यावयाची. म्हणजे यंत्राची चूक यंत्राकडूनच वदवावयाची. गुरुजींचे बोट यंत्राने आपल्या हाती घेतले ते येथे.

त्या आधी अमेरिकेत एनिॲक हे अवाढव्य यंत्र चालत असे, त्याची जुळणी स्त्रिया करीत. गणन मध्येच थांबवून आकडे पाहावयाचे तर एक तार काढून टाकावी लागे. तार तोडण्याच्या त्या जागेवरून 'ब्रेकपॉइंट' हा शब्द आला, असे त्या स्त्रियांच्या आठवणींत आहे. आपण त्याला थांबा म्हणू. आजच्या डीबगरमध्ये पडद्यावर एका ओळीपुढे तांबडा ठिपका उमटतो, तो हाच थांबा. तार मात्र गेली.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत टीएक्स-शून्य या यंत्रासाठी 'फ्लिट' नावाचे साधन तयार झाले. आपल्यातील वडीलधाऱ्यांना फ्लिटचा पंप आठवत असेल. डासांवर मारण्याच्या औषधाचेच ते नाव. १९६१ मध्ये पीडीपी-एक या यंत्रासाठी अॅलन कोटॉक यांनी त्याचा धाकटा भाऊ केला व त्याचे नाव ठेवले डीडीटी. हे वाचताना मी मोठ्याने हसलो. १९५३ साली आपल्या सरकारने मलेरिया नियंत्रणाची मोहीम काढली, तेव्हाचे फवारणीवाले माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. घरातले सामान अंगणात, भिंती पांढुरक्या, दारावर खडूने तारीख. घर धुऊन काढले तरी तो वास महिनाभर जात नसे. आमच्या घरी त्या डीडीटीची फवारणी होत होती त्यानंतर अवघ्या काही वर्षांनी तिकडे या डीडीटीची फवारणी सुरू झाली.

डीबगर म्हणजे काय, हे येथे एकदा सांगून टाकतो. तो चूक शोधून देत नाही. तो तीन गोष्टी करतो : सांगाल तेथे थांबतो, थांबल्यावर कोणत्या पेटीत कोणता आकडा आहे ते उघडून दाखवितो, आणि म्हणाल तेव्हा एक पाऊल पुढे जातो. कोठवर बरोबर आहे, हे ठरविणे माणसाकडेच राहते. ज्याला बरोबर उत्तर काय असावे याची काहीच कल्पना नाही, त्याला डीबगरचा काडीइतका उपयोग नाही.

आता प्रश्नभाषेकडे येतो, आणि खरी गंमत येथे आहे. यंत्रात साठविलेल्या नोंदी धुंडाळण्याची पहिली पद्धत वाटाड्याची होती. अमुक नोंदीपाशी जा, तेथून तमक्या दुव्याने पुढची गाठ, ती संपली की परत फीर. चार्ल्स बाखमन यांनी १९७३ मध्ये ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना आज्ञावलीकाराला नाविकच म्हटले. अशा प्रवासात डीबगर चपखल बसतो, कारण प्रवासाला पावले असतात. परंतु त्याच्या तीनच वर्षे आधी, जून १९७० मध्ये, आयबीएमच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. कॉड मूळचे इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक. त्यांचे म्हणणे असे की, माणसाने वाट सांगूच नये. नोंदी तक्त्यांत मांडाव्या आणि काय हवे एवढेच सांगावे. कसे आणावयाचे ते यंत्र पाहील. या विचारावर त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' ही भाषा रचली. बॉइस त्याच वर्षी अकाली वारले. ते नाव दुसऱ्या एका कंपनीने आधीच नोंदविलेले निघाल्याने भाषेचे 'एसक्यूएल' झाले. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला प्रमाण रूप मिळाले. बँक, रेल्वे, इस्पितळ, कोठेही आपले नाव शोधले जाते ते बहुधा याच भाषेत.

या भाषेच्या जन्माबरोबरच तिच्यातील चुकांचा अभ्यासही सुरू झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. फिलिस रायसनर या संशोधिकेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ही भाषा आणि तिची 'स्क्वेअर' नावाची बहीण शिकवून त्यांची परीक्षा घेतली. काही आज्ञावली लिहू जाणणारे, काही अगदी कोरे. १९७५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भाषा करणाऱ्यांनी, लोक ती कोठे चुकतात हे आधी पाहावे, ही सद्बुद्धी आमच्या व्याकरणकारांना क्वचितच झाली.

आता पेच पाहा. काय हवे ते सांगितले, कसे ते सांगितले नाही. मग पावले कोठे राहिली? दहा तक्ते जोडावयाचे असतील तर त्यांना ३६,२८,८०० क्रमांनी लावता येते. त्यांतला सोयीचा कोणता हे यंत्र स्वतः ठरविते. ते कसे ठरवावे याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. यंत्राला 'तू काय बेत केलास तो सांग' असे विचारण्याची सोय पुढे निघाली, तिला 'एक्सप्लेन' म्हणतात. पण तो बेत यंत्राचा, माझा नव्हे. स्वयंपाकघरातली गडबड पाहून पानात वाढलेले जेवण मी मागितले तेच आहे का, हे कसे कळावे? उशीर का होतो एवढे फार तर कळेल.

म्हणून प्रश्नभाषेतील चूक फसवी असते. शब्द चुकला, कंस राहिला, तर यंत्र ताबडतोब ओरडते; ती चूक चूकच नव्हे. खरी चूक व्याकरणशुद्ध असते. एक साधे उदाहरण देतो. विद्यार्थ्यांचा तक्ता आणि बक्षिसांचा तक्ता जोडून भरलेल्या फीची बेरीज मागा. ज्या मुलाला तीन बक्षिसे, त्याची फी तीनदा मोजली जाईल. बेरीज नीटनेटकी दिसेल, यंत्र तक्रार करणार नाही, आणि हुशार मुले अधिक आहेत त्या वर्गाने अधिक फी भरली असा निष्कर्ष आपण काढू.

हे ऐकताना मला माझे विद्यार्थिदशेतील दिवस आठवतात. येथे बडोद्यात प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. १९६० ते १९७५ या काळात तिचे सात खंड निघाले. १९७०-च्या आसपास मी तेथे पाठभेदांचे तक्ते पाहावयास जात असे. एकेका श्लोकासाठी निरनिराळ्या लिपींतील पोथ्यांचे पाठ ओळीने मांडलेले असत. तेथील एका वृद्ध पंडितांनी मला सांगितले की, निरर्थक पाठाची भीती बाळगू नये, भीती अर्थपूर्ण पाठाची बाळगावी. मठ्ठ लेखनिक चुकतो तेव्हा अक्षरे ओरडतात. शहाणा लेखनिक न कळलेला शब्द काढून तेथे सोपा शब्द घालतो, आणि मग पुढच्या दहा पिढ्या तोच पाठ भक्तिभावाने म्हणतात. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्धी केली ती अशाच पाठांमुळे. पोथीच्या शेवटी लेखनिक लिहून जातो की, जसे पाहिले तसे लिहिले, मला दोष देऊ नये. यंत्र तेच म्हणते, फक्त लिहून ठेवीत नाही.

पावले नसलेल्या भाषेत चुकीचा माग कसा काढावा, याचे उत्तर प्रथम एका शेजारच्या शास्त्रातून आले. प्रोलॉग नावाची एक तर्कभाषा आहे. तिच्यातही काय हवे तेच सांगावयाचे असते. एहूद शापिरो यांनी १९८२ मध्ये येल विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात सारी रीतच उलटी केली. यंत्राने मधल्या मधल्या उत्तरांचे तुकडे माणसापुढे ठेवावे आणि विचारावे, हे तुला अभिप्रेत होते का? माणसाने हो किंवा नाही म्हणावे. असे करीत करीत जेथे आत जाणारे सारे बरोबर आणि बाहेर येणारे चूक, असा एकच तुकडा उरतो, दोष तेथेच. प्रबंध वाचताना, मला जेवढा कळला तेवढा वाचताना, गुरुजींचे बोट मला पानापानावर दिसत होते.

पुढे प्रश्न अधिक धीट झाले. पीटर ब्यूनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये विचारले की, उत्तरातील ही ओळ का आली आणि कोठून आली? अॅड्रियन चॅपमन व एच. व्ही. जगदीश यांनी २००९ मध्ये त्याच्या पुढचा प्रश्न विचारला : जी ओळ यावयास हवी होती ती का आली नाही? आणि जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात टॉर्स्टन ग्रुस्ट व त्यांच्या मंडळींनी २०११ मध्ये असे साधन मांडले की, प्रश्नाचा कोणताही तुकडा खुणेने निवडावा आणि तेवढ्याच तुकड्याचे फळ, त्याला त्याच्या जागेवरून न हलविता, पाहावे. बाजारातील साधनांची गोष्ट निराळी आहे. मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हरच्या व्यवस्थापन-साधनात २००८ साली ओळीओळीने चालणारा डीबगर दिला आणि २०१९ मधील अठराव्या आवृत्तीतून तो काढूनही टाकला. त्याची कारणे तज्ज्ञ जाणोत. मला एवढेच दिसते की, ओळीवर थांबणे आणि विचारावर थांबणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

याचा अनुभव आम्हांला शाळेच्या कचेरीतच आला. त्या रविवारी दुपारी विद्यार्थ्याने डीबगर उघडला. त्याची आज्ञावली वीसेक ओळींची होती. पहिल्या ओळीला थांबा घातला. एकेक ओळ पुढे. वर्षे बरोबर, क्रमांक बरोबर, तक्त्यांची नावे बरोबर. मग प्रश्नाची ओळ आली. ती सहा ओळींत मांडलेली होती तरी डीबगरच्या लेखी ते एकच पाऊल. कळ दाबली. अलीकडे सारे बरोबर होते आणि पलीकडे शून्य. दारातून आत गेलेला माणूस मागच्या दाराने रिकाम्या हाताने बाहेर आला. घरात काय झाले ते कळेना.

मी विचारले, "प्रश्नाचे तुकडे करता येतील का?" तो म्हणाला, "हो सर." त्याने आतला भाग वेगळा काढला : दाखल्यांच्या वहीतील सारे क्रमांक दे. क्रमांकांची लांब यादी पडद्यावर आली. ती चढत्या क्रमाने लावली तेव्हा अगदी टोकाला, क्रमांकाच्या जागी, एक शब्द दिसला. विद्यार्थी पुटपुटला, "नल आहे, सर." माझ्या मनात आधी दमयंतीचाच नळ आला. पण हा नल म्हणजे कोरी जागा. क्रमांक वाचता न आल्याने टंकलेखकाने तो रकाना मोकळा सोडला होता.

एका कोऱ्या जागेने सारी यादी कशी पुसली जावी? हे मला कळावे म्हणून विद्यार्थ्याने कागदावर छोटा नमुना मांडला. रजिस्टरात क्रमांक १, २ आणि ३. दाखल्यांच्या वहीत दोनच नोंदी, एक १ आणि दुसरी कोरी. आता यंत्राला विचारा, २ हा क्रमांक वहीत नाही ना? यंत्र पहिली नोंद पाहते : २ हा १ नव्हे, ठीक. दुसरी पाहते : २ हा या अज्ञात क्रमांकाहून वेगळा आहे का? यंत्र म्हणते, सांगता येत नाही. एक 'ठीक' आणि एक 'सांगता येत नाही' मिळून उत्तर 'सांगता येत नाही' असेच होते, आणि यंत्र फक्त नक्की 'होय' असेल तीच ओळ बाहेर देते. ३ चेही तेच. एका कोऱ्या रकान्यापायी प्रत्येक क्रमांकाविषयी संशय उत्पन्न झाला, आणि संशयित म्हणून सारेच वगळले गेले. कॉड यांनी १९७९ च्या एका निबंधात ज्या त्रिमूल्य तर्कशास्त्राची मांडणी केली, त्याचा हा परिणाम : खरे, खोटे आणि अज्ञात. आपल्याकडे वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि जैनांनी अवक्तव्याला सप्तभंगीत स्थान दिले. नसणे वेगळे आणि ठाऊक नसणे वेगळे, हे ज्यांनी जाणले त्यांचे वारस आपण. पण प्रश्न लिहिताना हा भेद विद्यार्थ्याच्याही ध्यानी राहिला नाही आणि माझ्याही.

'नॉट इन' हे दोन शब्द काढून त्याने 'नॉट एक्झिस्ट्स' घातले, म्हणजे 'ज्याच्याशी जुळणारी नोंद सापडत नाही असा' असा प्रश्न फिरविला. यादी आली. चार पाने भरली. तिसऱ्या पानावर अक्काचे नाव होते.

विद्यार्थी खूश झाला. माझे मन मात्र भरेना. यंत्राचा संशय केवळ वेडगळ नव्हता. ती न वाचता आलेली नोंद कोणाची तरी होतीच. ती अक्काची असली तर? कदाचित वडील गेले असतील आणि दाखला हरवला असेल. पडद्यावर याचे उत्तर नव्हते. मी कपाटातून मूळ वही मागवून घेतली, भिंग घेतले आणि खिडकीपाशी बसलो. क्रमांकावर शाई पसरली होती, पण पुढचे नाव पुरेसे स्पष्ट होते. मुलाचे नाव, नववीतून दुसऱ्या गावी गेलेला. रजिस्टरात त्याला शोधून क्रमांक भरला. मग त्याने जुना प्रश्न, जसाच्या तसा, पुन्हा चालविला. त्या मुलाचे नाव गळाले आणि बाकी यादी तीच आली. गुरुजींच्या भाषेत, ताळा जमला.

समारंभाच्या आदल्या आठवड्यात मी अक्काला घेऊन शाळेत आलो. दाखल्याच्या छापील नमुन्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. रजिस्टरात त्या जागी काहीच लिहिलेले नव्हते. कारकुनाने लेखणी थांबवून विचारले, "आजी, येथे काय लिहू?" मी मध्येच म्हणालो, "कौटुंबिक अडचण लिहा." अक्काने माझ्याकडे पाहिले नाही. ती कारकुनाला म्हणाली, "आई आजारी होती, असे लिही बाळ." त्याने तसे लिहिले, तारीख घातली आणि सहीसाठी कागद मुख्याध्यापकांकडे नेला. संगणकातील रकाना विद्यार्थ्याने त्याच संध्याकाळी भरला.